अन्नछत्रातला विद्यार्थी

खिशात पैसा नसताना देश पालथा घालणाऱ्या तरुणांत गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (1876–1947) अग्रणी ठरावेत. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनात जिज्ञासा जागविली. 1899 च्या अखेरीस, वयाच्या 23 व्या वर्षी, संस्कृत शिकण्यासाठी त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीस पोचले. तेथे अन्नछत्रातील जेवणावर त्यांचे अध्ययन चालले.

मराठी संस्थानिकांनी व धनिकांनी काशीत घाट बांधले, छत्रे चालविली, ती पुण्यसंचयासाठी. त्याच आश्रयावर कित्येक निर्धन विद्यार्थी शिकले, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

1902 मध्ये नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास गेले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशही झाला. भिक्षूला वाटखर्च लागतो तो थोडाच! या यात्रेचे खरे मोल मात्र घरी मागे राहिलेल्या पत्नीने आणि तान्ह्या मुलीने चुकविले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना याचा विसर पडू नये.

पुढे सयाजीराव गायकवाडांनी वर्षाला एक पुस्तक लिहावे या अटीवर 3 वर्षे दरमहा 50 रुपये देऊ केले, तेव्हा कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडली. मराठीतील बौद्ध वाङ्मयाला या लहानशा रकमेचा मोठा आधार मिळाला. परगावी निघालेल्या तरुणास जेवण आणि पाठ टेकण्यापुरती जागा देणे आपल्या जुन्या मंडळांना आजही अशक्य नाही.