पायडल आणि पायताण

सायकलवाल्यांच्या दोन जाती आहेत. पाय मारायचे थांबवू शकणारे आणि न थांबवू शकणारे. आपण पहिल्या जातीतले. उतार लागला की पाय स्वस्थ, मागच्या चाकाची टिकटिक ऐकत फुकटात घरी. हे सुख फ्रीव्हीलचं. ते नसेल तर चाक फिरतंय तोवर पायडल फिरतं आणि पायडल फिरतंय तोवर पाय. संसारच म्हणा ना!

आमचा भाचा असली बिनफ्रीव्हीलची सायकल घेऊन डोंगरात जातो. त्याची आई तो परत येईपर्यंत देवापुढचा दिवा विझू देत नाही. परवा त्यानं विचारलं, "मामा, बूट कुठले घेऊ? पायडलला घट्ट बसणारे, की चालता येणारे?" मी कोल्हापुरी वहाणांपलीकडे न गेलेला गृहस्थ. तेव्हा बुटांऐवजी त्याला इतिहास दिला. तो फुकट देता येतो.

टॉमस स्टीव्हन्स नावाचा एक गृहस्थ एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. पुढचं चाक पन्नास इंची, पायडल थेट त्याच्याच आसाला, म्हणजे फ्रीव्हीलचं नाव नको. त्या काळी उतारावर हौशी मंडळी पाय सरळ हँडलवरून पुढे टाकून बसत. आपटलोच तर निदान पायांवर आपटू, हा हिशेब! ऑगस्टमध्ये स्टीव्हन्स बॉस्टनला पोचला तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वाट त्यानं चालून काढली होती. पुढे १८८६ मध्ये तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडवरूनही गेला. जगाची प्रदक्षिणा सायकलवरून झाली खरी, पण त्यात पायताणाचा वाटा मोठा.

दुसरा यूजीन क्रिस्तोफ. हा चिखलातून सायकल खांद्यावर टाकून पळण्याच्या शर्यतींतला फ्रान्सचा विजेता. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. पठ्ठ्या सायकल घेऊन सुमारे चौदा किलोमीटर चालला, गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हातानं चिमटा जोडला. नियम असा, की कुणाची मदत घ्यायची नाही. एका पोरानं भाता हलवला, म्हणून वर दंड! तरी गडी शेवटी सातवा आला.

त्या काळी बूट चामड्याच्या पट्ट्यानं पायडलला आवळत. १९८४ मध्ये लुक कंपनीनं बर्फावर घसरायच्या पट्ट्यांची खटका-युक्ती पायडलला लावली. पाय पक्का बसे, चालताना मात्र माणूस बदकासारखा. १९९० मध्ये शिमानोनं तो खटका लहान करून तळव्याच्या खाचेत लपवला आणि बुटाला चालणं परत मिळालं.

बिनफ्रीव्हीलच्या सायकलीवर घट्ट बूट हवा, हे खरंच. उतारावर पायडल पिसाळलं आणि पाय सुटला, तर तेच पायडल नडगी फोडतं. पण दगडधोंड्यांत तोल गेला, की तोच पाय क्षणात सुटायलाही हवा. तेव्हा टाच बाहेर वळवताच सुटणारा, खाचेचा, जाड तळव्याचा बूट घ्यावा, आणि दुकानात तो घालून जिना चढून-उतरून पाहावा. दुकानदार हसेल. हसू द्यावं. घाटात सायकल मोडली तर चालायला तो येणार नाही.