बिअरच्या पिंपातलं गुपित

मराठीत 'षट्कर्णी होणे' असा एक छान वाक्प्रचार आहे. दोघांत, म्हणजे चार कानांत राहिलं तर ते गुपित. तिसरा आला की कान सहा होतात आणि गुपित संपतं! मध्यंतरी एका विकांताला पीटरबरोजवळच्या फॉदरिंगे गावी गेलो होतो, तेव्हा हा शब्द राहून राहून आठवत होता. नदीकाठी गवताने झाकलेलं टेकाड आणि कुंपणात जपलेला दगडी बांधकामाचा एक मोठा तुकडा, एवढंच किल्ल्याचं उरलंय. "हे बघायला एवढं पेट्रोल जाळलंत?" इति सौ. पण इथेच ८ फेब्रुवारी १५८७ रोजी स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. आणि तिला इथवर आणलं ते तिच्याच पत्रांनी.

मेरी १५६८ साली स्कॉटलंडहून पळून इंग्लंडात आली, नात्यातल्या एलिझाबेथ राणीकडे मदत मागायला. मदत राहिली बाजूला, नशिबी आली ती नजरकैद. मेरी कॅथलिक, शिवाय इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगू शकणारी. तिला मोकळं सोडणार कोण? १५८५ मध्ये तिच्यावर पॉलेट नावाचा कडक पहारेकरी नेमला आणि तिचा गुप्त पत्रव्यवहार पार बंद पडला.

अशा वेळी गिल्बर्ट गिफर्ड नावाचा तरुण वाट घेऊन आला. बर्टनहून बिअरची पिंपं येत, त्यांच्या बुचाआड पत्रं दडवायची. गिफर्डकडे मेरीच्याच पॅरिसमधल्या माणसाचं शिफारसपत्र होतं, त्यामुळे शंका आलीच नाही. पण गिफर्ड आधीच एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याला सामील झालेला! बिअरवाला दोन्हीकडून पैसे खात होता, वर पॉलेटकडे बिअरचा भाव वाढवून मागत होता. (पॉलेट पत्रांत त्याला 'प्रामाणिक माणूस' म्हणतो. विनोदबुद्धी होती म्हणायची.)

पत्रं सांकेतिक लिपीत असत. अक्षरांसाठी २३ चिन्हं, नेहमीच्या शब्दांना वेगळी चिन्हं, शिवाय चकवायला काही निरर्थक चिन्हं. वॉल्सिंगहॅमचा थॉमस फेलिप्स ती सहज उलगडायचा. आर्थर ग्रेगरी लाखेची मोहोर अशी पुन्हा बसवायचा की पत्र उघडल्याचा संशयही येऊ नये. इंजिनियर म्हणून मला वाटतं, लिपी कच्ची होती हे खरं दुखणं नव्हेच. लिपी मुळीच नसती तर मेरीने जपून, आडवळणाने लिहिलं असतं. लिपी आहे, वाट आपली आहे, या भरवशावर ती मोकळेपणी लिहीत गेली.

जुलै १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टनने तिला कट कळवला: परकीय सैन्य येईल, तुमची सुटका करू आणि सहा जण एलिझाबेथला ठार मारतील. १७ जुलैला मेरीचं उत्तर गेलं, बेत मान्य असल्यासारखं. फेलिप्सने ते उलगडलं आणि वर फाशीचा खांब काढला! एवढ्यावर समाधान नव्हतं. 'त्या सहा जणांची नावं कळवा' असा ताजा कलम त्याने तिच्याच लिपीत खाली जोडला. बनावट हात आणखी कुठे फिरला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

पुढचं झटपट झालं. बॅबिंग्टनने कबुली दिली, सप्टेंबरात त्याला हालहाल करून मारलं. मेरीच्या चिटणिसांनी, नाउ आणि कर्ल यांनी, मजकूर तिचाच असल्याचं मान्य केलं. ऑक्टोबरात फॉदरिंगेला खटला चालला. मूळ पत्र दाखवा, असं ती म्हणत राहिली. मूळ नव्हतंच, होती ती नक्कल.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही सांकेतिक कागद इटलीविषयक म्हणून पडून होते. जॉर्ज लास्री आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने ते उलगडले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं: ही मेरीची पत्रं, १५७८ ते १५८४ मधली, एकूण ५७. बहुतेक लंडनमधल्या फ्रेंच वकिलाला लिहिलेली. त्यांत ती बजावते की वॉल्सिंगहॅम कपटी आहे, त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

यातल्या काही पत्रांच्या उलगडलेल्या नकला इंग्लंडच्या दप्तरात आधीपासूनच आहेत. वकिलाच्या घरातून कुणीतरी त्या वॉल्सिंगहॅमला पोचवत होतं.