बधिर तळपायांचा इतिहास

माणसाला तोल सावरून उभे राहता यावे म्हणून मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळत असते: डोळ्यांकडून, आतल्या कानातील तोलाच्या इंद्रियाकडून आणि तळपायाची त्वचा व घोट्याभोवतीचे स्नायू-सांधे यांच्याकडून. यांपैकी तिसऱ्या माहितीकडे वैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले, कारण ती मिळत असेपर्यंत तिची जाणीवच होत नाही. हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा होऊन त्यांचे काम मंदावते किंवा थांबते, त्या अवस्थेला परिघीय मज्जाविकृती, किंवा आता दवाखान्यांत रूढ झालेल्या शब्दात न्यूरोपॅथी, असे म्हणतात. मधुमेह, कुष्ठरोग, दीर्घकाळचे मद्यपान, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कर्करोगावरील काही औषधे अशी तिची कारणे अनेक आहेत. मधुमेहासारख्या विकारात सर्वांत लांब तंतू आधी बाधित होत असल्यामुळे तिची सुरुवात पावलांपासून होते. मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते, आणि पुढे पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही, असे रुग्ण सांगतात.

ही लक्षणे प्राचीनांना अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीच्या खुणांमध्ये, हातापायांचा बधिरपणा आणि दाह यांचा उल्लेख आहे, तर कुष्ठाच्या वर्णनात स्पर्शज्ञान नाहीसे होण्याला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र बधिर पायाचे दोन परिणाम होतात, एक म्हणजे तोल जातो आणि दुसरा म्हणजे न कळता जखमा होतात, आणि हे दोन्ही एकाच हरवलेल्या संवेदनेतून निघतात, हे उमगण्यासाठी एकोणिसावे आणि विसावे शतक खर्ची पडले. पहिल्या परिणामाचा अभ्यास मुख्यतः युरोपात झाला आणि दुसऱ्याचा दक्षिण भारतात. दोन्ही प्रवाह बराच काळ एकमेकांपासून दूरच वाहत राहिले.

तोलाच्या अभ्यासाचा आरंभ बर्लिनचे वैद्य मोरिट्झ हाइनरिख रोमबेर्ग यांच्यापासून धरण्याची प्रथा आहे. १८४० ते १८४६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या मज्जाविकारांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी टेबीस डॉर्सॅलिस या रोगाचे वर्णन केले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा मागचा भाग, ज्यातून पायांची स्थितिसंवेदना मेंदूकडे जाते, तो या रोगात झिजत जातो. उपदंशाच्या संसर्गानंतर अनेक वर्षांनी तो उद्भवतो, हे पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केले. अशा रुग्णाला पाय जुळवून उभे करून डोळे मिटायला सांगितले, की तो तत्काळ डुलू लागतो आणि सावरले नाही तर पडतो, हे रोमबेर्ग यांनी नोंदवले. तोंड धुताना डोळे मिटल्याबरोबर रुग्ण पुढे कलंडून भांड्यावर आदळतो, हीदेखील त्या काळच्या वैद्यांना परिचित झालेली खूण होती. या परीक्षेचे महत्त्व ती काय वगळते यात आहे. डोळे उघडे असतानाही जो डुलतो त्याचा दोष बहुधा लहान मेंदूत वा अन्यत्र असतो, आणि डोळे मिटताच जो डुलतो त्याचे पाय त्याला काही सांगत नाहीत, ते काम त्याचे डोळे करत असतात. एखाद्या सामान्य खोलीत, एकही उपकरण न वापरता, हरवलेल्या संवेदनेचा शोध लावणारी ही परीक्षा आजही मज्जाविकारतज्ज्ञांच्या रोजच्या कामात आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात इतकी स्वस्त व इतकी टिकाऊ गोष्ट क्वचितच सापडते.

निदान झाले तरी इलाज नव्हता. पेनिसिलिन यायला अद्याप शंभर वर्षे होती, आणि झिजलेली मज्जा परत येत नाही अशीच समजूत होती. अशा वेळी स्वित्झर्लंडमधील हायडेन येथील वैद्य हाइनरिख फ्रेंकेल यांनी वेगळी वाट शोधली. नाकाला बोट लावून दाखवण्याच्या परीक्षेत वाईट रीतीने चुकलेला एक रुग्ण पुढच्या भेटीत ती सहज उत्तीर्ण झाला. चौकशी केली तेव्हा मधल्या काळात त्याने घरी सराव केल्याचे समजले. संवेदना परतलेली नसतानाही हालचाल सुधारू शकते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष फ्रेंकेल यांनी १८९० पासून मांडायला सुरुवात केली. त्यांची व्यायामपद्धती आधी पडून, मग बसून आणि शेवटी उभे राहून करायची असे: टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सावकाश सरकवणे, जमिनीवर आखलेल्या खुणांवर मोजून पाऊल ठेवणे, अरुंद पट्ट्यांमधून चालणे, ठरावीक अंशांत वळणे. तिचा मुख्य नियम असा, की जोर लावायचा नाही, घाई करायची नाही आणि पावलावरची नजर काढायची नाही. पायांनी गमावलेले काम डोळे आणि सराव यांच्याकडे सोपवण्याची ही योजना होती. तिचे नाव आजही भौतिकोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत कायम आहे, मात्र ज्या रोगासाठी ती तयार झाली तो रोग जवळजवळ नाहीसा झाला आहे.

जखमांचा इतिहास यापेक्षा अधिक वेदनादायक आहे, आणि त्यातली वेदना रुग्णाला जाणवत नव्हती हेच त्याचे मर्म. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील बेर्गेन येथे हान्सेन यांनी १८७३ मध्ये ओळखले, तरी बोटे झडतात आणि तळव्याला भोके पडतात ती रोगाने मांस कुजवल्यामुळे, असा समज वैद्यांत आणि समाजात सारखाच दृढ राहिला. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, आणि पुढच्या वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठधामात वाकलेले हात आणि खुरटलेली पावले पाहून या प्रश्नाकडे वळले. कुष्ठरोग्याची जखम मूळचीच न भरणारी असते का, याचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आले, की पाय प्लास्टरमध्ये बांधून त्याला पूर्ण विश्रांती दिली तर ती इतर कोणाच्याही जखमेइतक्याच वेगाने भरून येते. पायाला लगटून बसणाऱ्या प्लास्टरचा उपाय त्यांचा एकट्याचा नव्हता. भारतात जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकात आणि सिलोनमध्ये मिलरॉय पॉल यांनी त्याचा उपयोग आधीच केलेला होता. ब्रँड यांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र निर्णायक ठरला: पाऊल रोगाने झिजत नाही, ते चालण्याने झिजते, कारण ज्या ठिकाणी निरोगी माणूस लंगडतो, थांबतो किंवा वजन दुसऱ्या पायावर टाकतो, त्या ठिकाणी हा माणूस तसाच चालत राहतो.

या एका निष्कर्षाने उपचाराचे केंद्र औषधाच्या कपाटातून चांभाराच्या दुकानात आणले. पन्नाशीच्या दशकात वेल्लोर आणि नजीकच्या करिगिरी येथील कार्यशाळांत अनेक पदार्थ वापरून पाहिल्यावर मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक हवेच्या पोकळ्यांनी भरलेले, दाबले तर दबणारे पण कायमचे न बसणारे रबर, निवडण्यात आले. त्यापासून बनलेल्या आणि आज बाजारात ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पादत्राणाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पायाला लागणारा थर मऊ, म्हणजे दाब तळव्यावर पसरतो. त्याच्याखाली गाडीच्या जुन्या टायरसारखा टणक थर, म्हणजे काटा किंवा खिळा वर येत नाही. थर शिवून वा चिकटवून जोडायचे, कारण वापरता वापरता वर आलेला लोखंडी खिळा अशा पायात आठवडाभर रुतून राहू शकतो. आणि टाचेमागे पट्टा हवाच, कारण निसटलेली चप्पल पायाला कळत नाही, आणि ती धरून ठेवण्यासाठी बोटे आवळली तर बोटांच्या टोकांवर नवे व्रण होतात. रोज संध्याकाळी तळवे डोळ्यांनी तपासायचे, हा नियम चपलेबरोबरच शिकवला जाई. फ्रेंकेल यांनी डोळ्यांवर सोपवले होते त्याच प्रकारचे काम येथे पुन्हा डोळ्यांवर आले.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा त्याआधीच उभी राहिलेली होती. मुंबईत माटुंगा-वडाळा परिसरात ॲकवर्थ यांच्या नावाचे कुष्ठधाम १८९० मध्ये सुरू झाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांच्या संधिकाळात काम मांडले. या संस्थांनी, विशेषतः विदर्भातल्या, रुग्णाला भिक्षेकडून श्रमाकडे नेले, आणि ती त्यांची थोर कामगिरी आहे. तथापि खडकाळ जमीन फोडणाऱ्या, विहिरी खणणाऱ्या बधिर पावलांना त्याच श्रमाने जखमा होण्याचा धोकाही होता. म्हणून आत्मसन्मान देणारे काम आणि पाय वाचवणारी विश्रांती यांचा मेळ घालणे हे या चळवळीपुढचे खरे आणि अवघड काम होते, आणि इतिहासलेखनात त्याकडे फार थोडे लक्ष दिले गेले आहे. चपलेनेही एक दुःख आणले. काळ्या रबराची, ठरावीक घडणीची ती चप्पल रस्त्यात दिसली, की पाहणाऱ्याला महारोगाची आठवण होई, आणि म्हणून अनेक रुग्ण ती घरात ठेवून अनवाणी बाहेर पडत. पायाचे रक्षण करणारी वस्तू लोकांसमोर माणसाला उघडे पाडत असेल, तर तिला पूर्ण उपचार म्हणता येत नाही, हे पुढे घडणी आणि रंग बदलताना मान्य केले गेले.

दरम्यान दुसऱ्याच रोगाने हा प्रश्न सर्वदूर पोचवला. मधुमेहातून मज्जातंतू बिघडतात, हे फ्रान्समध्ये मार्शाल द कालव्ही यांनी १८६४ मध्ये मांडले होते. परंतु १९२२ पासून इन्सुलिन मिळू लागल्यावर रुग्ण दीर्घकाळ जगू लागले आणि पायांच्या तक्रारींना उद्भवण्यास अवधी मिळू लागला. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले, तेव्हा भारतातल्या रुग्णांपासून शिकलेले प्लास्टर आणि पादत्राणाचे शास्त्र तेथून मधुमेहाच्या दवाखान्यांत गेले. त्याच कार्व्हिलमध्ये बर्की आणि सिम्स यांनी १९८६ मध्ये दाखवले, की १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा ज्या पायाला जाणवतो त्या पायाला बहुधा व्रण होत नाही. मॅक्स फॉन फ्राय यांनी १८९६ मध्ये स्पर्श मोजण्यासाठी घोड्याचे केस वापरले होते, १९६० मध्ये सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी त्यांच्या जागी नायलॉन आणले, आणि आता तोच धागा दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या भारतातील दवाखान्यांत तळव्याला टेकवून पाहिला जातो.

तोल मात्र मागे पडला. व्रण दिसतो, त्याचा फोटो घेता येतो आणि त्यातून पाय कापण्याची वेळ येते, म्हणून चिकित्सा त्याच्याभोवती जमली; पडण्याची भीती ही म्हातारपणाची गोष्ट मानून सोडून दिली गेली. १९९२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी मज्जाविकृती आणि वृद्धांचे पडणे यांचा संबंध तपासून दाखवला, तेव्हा रोमबेर्ग यांचा जुना प्रश्न मधुमेहाच्या दालनात परत आला. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमधील रॉबिन्स यांच्या गटाने असे दाखवले, की जाड आणि मऊ तळाच्या पादत्राणाने वयस्कांचा तोल बिघडतो. पन्नाशीतल्या चपलेच्या दृष्टीने हा निष्कर्ष अडचणीचा आहे, कारण व्रण टाळणारा मऊपणा तोलाला बाधक ठरू शकतो. मऊ थर पातळ ठेवून खाली रुंद, टणक तळ देण्याची करिगिरीची रीत काट्यांसाठी घडलेली असली, तरी या दुसऱ्या गरजेलाही तीच जवळची आहे.

यानंतरचे काम हाताकडे वळले. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये दाखवले, की उभ्या माणसाने बोटाचे टोक एखाद्या स्थिर वस्तूला नुसते टेकवले, आधार मिळेल इतका भार न टाकता, तरी त्याचे डुलणे कमी होते. म्हणजे बोटाची त्वचा पायाला अगम्य झालेली खबर मेंदूला देऊ शकते. १९९६ मध्ये मिशिगनच्या गटाने मज्जाविकृतीच्या रुग्णांना अचानक कलणाऱ्या फळीवर एका पायावर उभे राहायला लावून पाहिले, आणि काठी हातात असताना तोल जाण्याचे प्रसंग लक्षणीयरीत्या घटल्याचे नोंदवले. काठी तोपर्यंत अशक्तपणाचे चिन्ह म्हणून नाकारली जात होती, अजूनही जाते. पण या प्रयोगांनंतर ती केवळ वजन पेलणारी वस्तू राहिली नाही, जमिनीचा स्पर्श हातापर्यंत आणणारे साधन म्हणून भौतिकोपचारात तिचा विचार होऊ लागला.