ॲप-परवानगी

स्मार्टफोनमधील कॅमेरा, मायक्रोफोन, ठावठिकाणा, संपर्कयादी, एसएमएस, फोटो इत्यादी वापरण्यासाठी फोनधारकाने एखाद्या ॲपला दिलेली मुभा. अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींत प्रत्येक ॲप आपापल्या बंदिस्त कप्प्यात चालते. कप्प्याबाहेरची खाजगी माहिती हवी असेल, तर फोनधारकाला विचारावे लागते.

अँड्रॉइडवर पूर्वी सगळ्या परवानग्या ॲप बसवतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. एक जरी नको असली तरी ॲपच सोडावे लागे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्या गरजेच्या वेळी, एकेक करून मागितल्या जाऊ लागल्या. अकराव्या आवृत्तीत (२०२०) ‘फक्त या वेळेपुरती’ मुभा देण्याची सोय झाली. बाराव्या आवृत्तीपासून (२०२१) कॅमेरा वा माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

सर्वांत जपून द्यावी ती संपर्कयादीची परवानगी. त्या यादीतले आईवडील, शेजारी, कचेरीतले सहकारी यांना कोणी विचारलेलेच नसते. काही मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपांनी भारतात नेमका याचाच गैरफायदा घेतला. हप्ता थकला की वसुलीवाले यादीतल्या नातेवाइकांना फोन करत, कर्जदाराचे फोटो विकृत करून पाठवत. या छळापायी काहींनी जीवही दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाबाबत नियम घालून दिले: कर्ज-ॲपने संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो व फाइलींना हात लावू नये, ग्राहकाची ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माइक, ठावठिकाणा एकदाच, स्पष्ट संमतीने वापरावा.

एसएमएसची परवानगी म्हणजे बँकेच्या ओटीपीची किल्ली. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके (अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या) फाइली हीच परवानगी मागतात. ‘ॲक्सेसिबिलिटी’ मुळात अंध व अपंग वापरकर्त्यांसाठीची सोय; पण तिच्या आधारे ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो, परस्पर बटणेही दाबता येतात. अनोळखी ॲपला ती कधीच देऊ नये.

दिलेल्या परवानग्या सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी’ विभागात पाहता व काढता येतात. फोनची भाषा मराठी ठेवल्यास परवानगीचा प्रश्न मराठीतच विचारला जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही सोय अवश्य करून द्यावी, म्हणजे ते न वाचताच होकार देणार नाहीत.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली एकमताने ठरवले. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. मात्र परवानगी काढल्याने ॲपने आधीच नेलेली माहिती पुसली जात नाही. ती पुसण्याची मागणी त्या कंपनीकडे वेगळी करावी लागते.