कारवानी कुत्रा, जंगल आणि जखमा

बेळगावहून पूर्वेला निघालो की गोकाकच्या पुढे मुलूख मोकळा होत जातो. काळी जमीन, लांबवर पसरलेले माळ, मधूनच एखादी बाभळ. मुधोळ, जमखंडी, अथणी हा सगळा पट्टा असाच आहे. कारवानी कुत्रा इथला. कोणी त्याला मुधोळ म्हणतो, कोणी कारवानी, आणि अंगावर रेशमी केसांची झालर असेल तर पश्मी. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या शेतावर आजही हा कुत्रा राखणीला असतो, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर करत आहोत.

सध्याच्या बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी असलेले मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. शहाजीराजांच्या अटकेमुळे या घराण्याचे नाव आपल्याकडे थोडे कडवटपणे घेतले जाते, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्यांचे ऋण मान्य करावे लागेल. राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेडर आणि इतर रानकरी लोकांजवळचे हे कुत्रे हेरले, निवडून पैदास करवली आणि विलायतेत पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले, असे सांगतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात हा होता. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचे सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि लष्करानेही काही पिल्ले मेरठला नेऊन शिकवली.

कुत्र्यांकडून शिकार करवण्याची रीत आपल्या मुलखात फार जुनी. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘सारमेयविनोद’ असे प्रकरणच आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. संस्थानी काळात बडोदा, कोल्हापूरकडे काळविटाच्या शिकारीला पाळीव चित्ते सोडत, गावकरी मात्र कारवानी घेऊन सशामागे जात. दोघांनाही लागे तो मोकळा माळ.

हे कुत्रे वासावर जात नाहीत, नजरेवर जातात. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, आणि मागून जोर लावणाऱ्या मांड्या. खांद्याशी उंची साधारण 64 ते 72 सेंमी, पण वजन त्या मानाने फारच कमी. भरधाव असताना एका झेपेच्या चक्रात दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा शरीर गोळा होते तेव्हा आणि एकदा पूर्ण ताणले जाते तेव्हा. हवेत असताना वळता येत नाही, थांबता येत नाही. शिवाय डोळा सावजावर रोखलेला असतो. पायाखाली काय आहे, समोर काय आले, हे त्याला दिसते पण उशिरा. माळावर हे चालून जाते. झाडीत तोच वेग त्याच्या जिवावर उठतो.

इंग्लंडमधल्या लोकांना हे फार पूर्वी उमगले होते. ग्रेहाउंड हा कुरणावरचा धावपटू, झाडी-कुंपणांत तो स्वतःला मोडून घेतो. म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी ग्रेहाउंड किंवा व्हिपेट यांचा संकर कोली या मेंढपाळी कुत्र्याशी, कधी टेरियरशी केला. या संकराला लर्चर म्हणतात. थोडा वेग सोडायचा आणि त्या बदल्यात थोडी अक्कल, जाड कातडी व दमसास मिळवायचा, असा तो सौदा. तरीही लर्चर पाळणारे सर्वांत जास्त धास्ती घेतात ती झाडीचीच. तिथे कोवळी झाडे बुंध्यापासून तोडून पुन्हा फुटू देण्याची पद्धत आहे. तिरप्या तोडलेल्या बुडख्यांवर कुत्रा छातीने आपटला की खुंटी आत शिरते. पूर्ण वेगात झाडावर आदळून मान मोडलेले कुत्रेही असतात. पुढे 2004 च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार बंद झाली. ससे आणि उंदीर यांना काही अटींवर सूट आहे, पण तिथला तो ससा म्हणजे बिळात राहणारा, आपल्या माळावरच्या सशाचा भाऊबंद नव्हे.

आपल्याकडे ती सूटही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर आलेच, पण पाठलाग करणे, हाकणे, फासे लावणे आणि तसा नुसता प्रयत्न करणेही त्यात येते. ‘आम्ही कुत्रा फक्त पळवायला नेला होता, ससा मेला नाही’ हे उत्तर वनखात्यापुढे टिकत नाही. तरुण मुलांनी मोबाइलवर काढलेली चित्रफीत हाच पुरावा होऊन बसतो. आम्ही हे भीती घालायला सांगत नाही. दोन घरांत याच कारणाने वकील गाठावा लागला, म्हणून सांगतो.

खरी अडचण अलीकडची आहे. पूर्वेकडचा कुत्रा आता शहरात आला आणि शहरातून रविवारी पश्चिमेकडे जाऊ लागला. खानापूर तालुक्यापासून सह्याद्रीची दाट झाडी सुरू होते, पुढे भीमगड अभयारण्य आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका सभासदाची तीन वर्षांची कुत्री तिकडे मोकळी सोडली होती. काहीतरी खसफसले, ती गेली. दहा मिनिटांनी चालतच परत आली, शेपूट हलवत. छातीखाली बोटभर भोक होते आणि रक्त जवळजवळ नव्हतेच, म्हणून सगळ्यांना वाटले की खरचटले असेल. डबे खाऊन मंडळी निवांत निघाली. बेळगावला पोचेपर्यंत तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. खुंटी फुप्फुसापर्यंत गेली होती. ती वाचली नाही.

या जातीच्या जखमा फसव्या असतात, ते असे. कातडी पातळ, खाली चरबी नाही. त्यामुळे काटेरी तारेत अडकला की कातडी कागदासारखी फाटते आणि पदर लोंबतो. दिसायला भयंकर, पण अशी जखम बहुधा टाके घालून भरते. छातीवरचे किंवा पोटावरचे लहान भोक मात्र दिसायला किरकोळ आणि आत जीवघेणे. कुत्रा अंगात धाव असेपर्यंत वेदना दाखवत नाही. म्हणून परत आल्यावर त्याला उताणा करून काखा, जांघा, छातीची खालची बाजू हाताने चाचपावी. पायाच्या गाद्या व नख्या पाहाव्यात. बोट निखळणे, नख मुळापासून उपटणे हे नेहमीचे. पावसाळ्यानंतर बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरते आणि आठवड्याने तिथे गळू येते.

झाडी टाळली म्हणजे संपले असेही नाही. ऊस तुटल्यावर फडात उरणारी बुडखी विलायती खुंट्यांपेक्षा कमी धारदार नसतात. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत, आणि पाठलागात असलेल्या कुत्र्याला विहीर दिसते तेव्हा तो काठावर असतो. डुकरांसाठी लावलेले तारेचे फासे, कुंपणात सोडलेली वीज, कणकेत लपवलेला गावठी बाँब. यांना ससा आणि कुत्रा यांतला फरक कळत नाही. खुद्द रानडुकराशी गाठ पडली तर सुळ्याने पोट फाटते.

जखम झालीच तर पहिली गोष्ट म्हणजे हळद, चुना, रॉकेल, गाडीचे तेल यांतले काहीही लावू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात किंचित मीठ घालून जखम धुवावी, ओल्या स्वच्छ फडक्याने झाकावी. काटकी आत रुतली असेल तर उपसू नये, हलणार नाही अशी बांधून तशीच न्यावी, कारण रक्तवाहिनीचे बूच तीच असू शकते. छातीच्या भोकातून हवा येत-जात असेल तर त्यावर स्वच्छ प्लास्टिक धरून ताबडतोब निघावे. कुत्र्याला फळीवर किंवा घोंगडीवर उचलावे. दुखत असताना घरचा कुत्राही चावतो, तेव्हा तोंड कापडाने हलके बांधावे, पण धापा टाकत असेल तर अजिबात बांधू नये. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेनची गोळी देऊ नये. कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते.

उन्हाचेही तसेच. चैत्र-वैशाखात सकाळी आठनंतर पळवलेला कुत्रा कोसळला तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि गार करत करतच दवाखाना गाठावा. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सियस असते, 41 च्या वर गेले की अवयव निकामी होऊ लागतात.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना हा धावणाऱ्या जातीचा कुत्रा आहे हे आवर्जून सांगावे. थायोपेंटोनसारखी जुनी भूल ग्रेहाउंडच्या अंगातून फार सावकाश उतरते, आणि आपला कारवानीही तसाच चरबी नसलेला. शहरातल्या बहुतेक डॉक्टरांना हे ठाऊक असते, तालुक्याच्या ठिकाणी गर्दीत राहून जाऊ शकते.

धाव तर त्याला हवीच. त्याशिवाय तो घरात सोफे फाडतो, हे पाळणारे जाणतात. त्यासाठी सकाळी लवकर, कुंपण असलेल्या, आधी स्वतः पायी फिरून पाहिलेल्या मोकळ्या रानात सोडावे. विहीर, तार, बुडखी कुठे आहेत ते बघून ठेवावे. बाकी वेळी पट्टा. पट्टा रुंद हवा, कारण याचे डोके मानेपेक्षा फारसे मोठे नसते आणि साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. आणि खानापूरच्या बाजूला फिरायला जायचे असेल तेव्हा कुत्र्याला घरी ठेवावे.