डीमन स्लेयर : मान उडाल्यावर सुरू होणारा इतिहास

आजचा विषय तुमच्यापैकी निम्म्यांच्या वॉलपेपरवर असेल : ‘डीमन स्लेयर’, म्हणजेच ‘किमेत्सु नो याइबा’. स्पॉयलर भरपूर आहेत. ‘इन्फिनिटी कॅसल’ पाहिला नसेल तर इथेच पॉज करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये हा सिनेमा आपल्याकडे लागला तेव्हा धाकट्या भावाला घेऊन गेलो होतो. मारामारीला शिट्ट्या, टाळ्या, सगळं झालं. मग आकाझाचा फ्लॅशबॅक सुरू झाला आणि पुढच्या रांगेत दोन-तीन मोबाइल उजळले. भावाने मात्र कानात विचारलं, “दादा, चोरी केली म्हणून हातावर खरंच असं गोंदायचे?”

मला माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो. उत्तर आहे, हो. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, जपानवर तोकुगावा शोगुनांची सत्ता होती. त्या काळात १८व्या शतकापासून चोराच्या हातावर पट्टे गोंदणं ही सरकारी शिक्षा होती. पट्टे कुठे आणि कसे, हे गावागणिक वेगळं. एकदा गोंदलं की संपलं, काम कोण देणार? आजारी बापाच्या औषधासाठी खिसे कापणारा हाकुजी पुढे आकाझा होतो, आणि त्याच्या अंगावरच्या त्या ‘कूल’ रेघा मुळात याच शिक्षेच्या खुणा आहेत.

या मालिकेची ताकद आणि तिची कमजोरी, दोन्ही मला या एकाच गोष्टीत दिसतात.

आधी ताकद. पहिल्या सीझनचा चौथा एपिसोड आठवा. डोंगरात कोंडलेला, खूप हातांचा तो राक्षस तान्जिरोला विचारतो, मेइजीचं कितवं वर्ष चालू आहे? तान्जिरो सांगतो, आता ताइशो आहे. राक्षस पिसाळतो, पुन्हा काळाचं नाव बदललं! केइओ काळात त्याला पकडलं, त्याला ४७ वर्षं झालीत. आता आपण इंजिनिअर लोक, हिशोब करणारच. केइओ म्हणजे १८६५ ते १८६८. त्यात ४७ मिळवा : १९१२ ते १९१५. म्हणजे ताइशोची अगदी सुरुवात, कारण सम्राट मेइजी वारले जुलै १९१२ मध्ये. एका किंचाळीत लेखिका-लेखक जे कोणी असतील ते कोयोहारू गोतोगे आपल्याला अर्धशतक दाखवतात. शोगुन गेले, समुराई गेले, आगगाडी आली, आणि याला पत्ताच नाही.

तलवारीचंही तसंच. १८७६ च्या हुकुमाने सामान्य माणसाला तलवार बाळगून फिरायला बंदी झाली. म्हणून ‘मुगेन ट्रेन’मध्ये स्टेशनवर पोलीस शिट्टी मारत मागे लागतात. जगाला वाचवणारी पोरं कायद्याने गुन्हेगार! आसाकुसात विजेचे दिवे बघून तान्जिरोला भोवळ येते, तेही उगाच नाही. तिथे तेव्हा रयोउन्काकु हा बारा मजली मनोरा उभा होता. १८९० मध्ये बांधलेला, आणि १९२३ च्या भूकंपात मोडलेला. डोंगरातून कोळसा विकायला उतरणाऱ्या पोराला हे दुसऱ्या ग्रहासारखंच वाटणार.

युफोटेबलच्या ॲनिमेशनबद्दल मी नव्याने काय सांगू? १९व्या एपिसोडने २०१९ मध्ये ही मालिका घराघरात पोचवली, आणि पुढच्या वर्षी ‘मुगेन ट्रेन’ने जपानमध्ये ‘स्पिरिटेड अवे’चा कमाईचा विक्रम मोडला. पण माझ्यासाठी खरी ताकद त्या चौथ्या एपिसोडच्या शेवटी आहे. राक्षस विरघळत असताना आठवतो त्याला त्याचा दादा, ज्याला तो हात धरायला सांगायचा. आणि तान्जिरो त्याचा हात धरतो.

आता कमजोरी. ही माया नेहमी मान उडाल्यावरच का येते? राक्षस आधी नुसता राक्षस, मग वार, मग दहा मिनिटं आयुष्य. तिसऱ्या वेळी आपल्याला पॅटर्न कळतो, आणि म्हणूनच थिएटरात मोबाइल निघतात.

दुसरं, योशिवारा. तिसऱ्या मोठ्या कथेत हा टोकियोचा परवानाधारक वेश्यावस्तीचा भाग झगमगतो. तिन्ही पोरांना मुलींचे कपडे घालून विकतात, आणि आपण हसतो. प्रत्यक्षात गरीब बाप उचल घ्यायचा आणि मुलगी ते कर्ज फेडत राहायची. १८७२ मध्ये अशा मुलींना मोकळं करण्याचा हुकूम निघाला, तरी परवान्यांच्या आडून धंदा चालूच राहिला. बंदीचा कायदा आला थेट १९५६ मध्ये. ग्युतारो आणि दाकी या भावंडांची कथा त्या वस्तीचा तळ दाखवते, अगदी काळीज पिळवटून. पण तीही समुराईंच्या काळातली. कथेच्या ‘आज’मध्ये तिथे अडकलेल्या मुलींचं काय, हे कोणी विचारत नाही.

तिसरं, मुझान. तो मेला की सगळे राक्षस खलास. आमच्या कामात सर्व्हर पडला की नंतर रिपोर्ट लिहितात. नवीन असताना मी एकदा कारणाच्या रकान्यात एका माणसाचं नाव टाकलं होतं. सीनियर म्हणाली, “माणूस काढलास तर उद्या हेच परत होणार नाही का?” मुझान हा तसाच रिपोर्ट आहे. हाकुजीला औषध परवडलं नाही, ते मुझानमुळे नाही.

तुम्ही म्हणाल, अरे, साप्ताहिकात आलेला पोरांचा मांगा आहे, पाठ्यपुस्तक नाही. मान्य. पण प्रश्न त्यानेच विचारलाय ना? त्या गोंदलेल्या रेघा त्यानेच काढल्यात.

भावाला मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मग परत एकदा बघूया, आता त्याच्या हातांकडे बघेन.”

तुम्हीही बघा. आणि फ्लॅशबॅक लागला की मोबाइल खिशातच ठेवा. भेटू पुढच्या भागात!