सामाईक खर्चाची वाटणी : गावदेवी ते तुळिंज

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेचे तुळिंज हे मूळचे गाव आज दाट इमारतींची वस्ती झाले आहे. मुंबईत घर परवडेनासे झालेल्या नोकरदार कुटुंबांनी लोकलच्या भरवशावर येथे सदनिका घेतल्या, १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सिडको या सरकारी महामंडळाकडे गेले आणि ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. या स्थित्यंतराचा विचार बहुधा पाणी, गर्दी आणि अनधिकृत बांधकामे यांच्या अंगाने होतो. परंतु एका जिन्याने जोडल्या गेलेल्या अनोळखी कुटुंबांनी सामाईक खर्च वाटून घेण्याची आणि त्याचा हिशेब एकमेकांना देण्याची जी रीत अंगवळणी पाडली, तीही तितक्याच बारकाईने अभ्यासण्याजोगी आहे.

या रीतीचे मूळ मुंबईत सापडते. १९०४ च्या सहकार कायद्याने केवळ पतसंस्थांना मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांचा मार्ग मोकळा केला आणि १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासद एकाच ज्ञातीचे, परस्परांना ओळखणारे होते, त्यामुळे विश्वास आधीपासूनच होता. तुळिंजसारख्या ठिकाणी तो नव्हता, आणि म्हणूनच तेथे नियमांचे मोल अधिक ठरले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत कारभाराची नियमावली, यांनी वाटणीचे एकच सूत्र न स्वीकारता खर्चागणिक वेगळे सूत्र ठरविले, ही त्यांची खरी दूरदृष्टी होय. पहारेकरी, साफसफाई, जिन्यातील दिवे यांचा सेवा आकार सर्व सदनिकांवर समान. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार व आकारानुसार. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के, तर पुढे मोठ्या पुनर्बांधणीसाठी साठवायचा सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. लिफ्टचा खर्च मात्र तळमजल्यावरील सभासदालाही सारखाच द्यावा लागतो, आणि त्यावरून सभांमध्ये आजही कडाक्याचे वाद होतात. हा आक्षेप समजण्याजोगा असला तरी, सामाईक सोयीचा भार केवळ वापरावर बेतला तर ती सोयच टिकत नाही, हे उपविधींमागचे तत्त्व अधिक सबळ वाटते. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे लेखापरीक्षित हिशेब ठेवण्याचे बंधन असल्यामुळे सभासद केवळ पैसे भरणारा राहत नाही, तर विचारणाराही होतो.

सामाईक खर्च कसा वाटावा आणि त्याचा हिशेब कसा द्यावा, नेमका हाच प्रश्न पुढे संगणकाच्या जगातही ऐरणीवर आला. २००६ मध्ये अॅमेझॉनने साठवण आणि संगणन-क्षमता वापरानुसार भाड्याने देण्यास प्रारंभ केला. क्लाउड म्हणून ही व्यवस्था रूढ झाली, आणि अॅमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. पूर्वी सर्व्हर विकत घेताना लेखा विभागाची मंजुरी लागे, आता अभियंत्याने यंत्र चालू करताच खर्च सुरू होतो आणि बिल महिनाअखेर येते. खर्च करणारा एक आणि बिल पाहणारा दुसरा, या दरीतून फिनऑप्स ही पद्धत जन्मली, जिच्यात अभियंते, लेखापाल आणि व्यवसायप्रमुख खर्चाची जबाबदारी मिळून घेतात; तिच्या प्रसारासाठी २०१९ मध्ये फिनऑप्स फाउंडेशन स्थापन झाले व पुढील वर्षी ते लिनक्स फाउंडेशनमध्ये सामील झाले. प्रत्येक यंत्रावर विभागाचे नाव दर्शविणारा टॅग लावणे, विभागाला त्याचा खर्च नुसता दाखविणे म्हणजे शोबॅक, आणि तो त्याच्या अंदाजपत्रकातून वळता करणे म्हणजे चार्जबॅक, ही तिची साधने. सुरक्षा, जाळे यांसारखा सामाईक खर्च समान वाटावा की वापराच्या प्रमाणात, हा पेच तेथेही आहे. फरक इतकाच की सदनिकाधारक स्वतःच्या खिशातून भरतो, म्हणून बिल आपणहून वाचतो. अभियंत्याच्या पगाराला क्लाउडच्या बिलाची झळ लागत नाही, म्हणून ते त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज मुद्दाम करावी लागते.